ड्वार्फ केमनसाठी घरी एन्क्लोजर (बंदिस्त जागा): सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्वार्फ केमन म्हणजे मगरीचं पिल्लूच ना?

नाही. मगरीच्या खानदानातलाच, पण वेगळा प्राणी. दक्षिण अमेरिकेतला, ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यातला. आपण इथं ज्याच्याबद्दल बोलतोय तो क्युव्हियरचा ड्वार्फ केमन, त्या सगळ्या गोतावळ्यात अंगानं सगळ्यात लहानांपैकी एक. मादी साधारण चार फुटांपर्यंत, नर साडेचार-पाच फुटांपर्यंत जातो. "ड्वार्फ" ऐकून लोकांना वाटतं की पालीपेक्षा थोडा मोठा असेल, तर तसं काही नाही, पाच फुटांचा, तोंडभर दात असलेला, अंगभर हाडांच्या ढाली घेऊन फिरणारा प्राणी आहे तो, आणि नीट सांभाळला तर तीस-चाळीस वर्षं तुमच्या घरात राहणार आहे. आज कॉलेजात असाल तर तुमची पोरं कॉलेजात जातील तेव्हाही त्याचं कुंड धुवायचं काम तुमच्याकडंच असेल.

कायद्यानं चालतं का? फॉरेस्टवाले उचलून नेतील का?

कागद असेल तर नेणार नाहीत, नसेल तर नेतील. आपली देशी मगर, सुसर, खाऱ्या पाण्यातली मगर, हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते घरी ठेवायचा विषयच नाही. केमन परदेशी आहे, पण म्हणून मोकळं रान नाही. तो साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्ट दोनमध्ये येतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर (लागू झाली १ एप्रिल २०२३ पासून) अशा परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात चौथी अनुसूची आली. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आता असा प्राणी ज्याच्याकडं असेल त्यानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करून मुख्य वन्यजीव रक्षकांकडं नोंदणी करायची, आपल्या राज्यासाठी ते ऑफिस नागपूरला. प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, पिल्लं झाली, प्रत्येक गोष्ट कळवायची. जे लोक पिल्लं काढून विकतात त्यांना वेगळं लायसन्स लागतं.

विकणारे अजून २०२० च्या सरकारी स्कीमचा, ज्यात परदेशी प्राणी असल्याचं लोकांनी स्वतःहून कळवायचं होतं, कागद दाखवतात आणि "सर सगळं लीगल आहे" म्हणतात. तो कागद जुन्या मालकाच्या नावाचा असतो. तुमच्या नावावर ट्रान्सफरची नोंद होणार का, हे आधी विचारा. तो गप्प झाला की तुम्ही पण उठा.

माझं मत विचाराल तर विटा-सिमेंट आणायच्या आधी हे काम. कुंड बांधून झालंय आणि प्राण्याचे कागदच बनत नाहीत, असे लोक भेटतात.

समोरचा केमन म्हणून दुसरंच काही गळ्यात मारत नाही ना, कसं ओळखायचं?

तोंड मिटलेलं असताना बाजूनं बघा. आपल्या मगरीचा खालच्या जबड्यातला चौथा दात तोंड मिटल्यावरही बाहेर दिसतो, वरच्या ओठाला तिथं खाच असते आणि दात त्या खाचेत बसलेला असतो. केमनचे खालचे दात वरच्या जबड्याच्या आत जातात, बाहेरून दिसत नाहीत. म्हणजे तो चौथा दात बाहेर दिसला तर तुमच्या हातात मगरीचं पिल्लू आहे, आणि ते ठेवणं म्हणजे सरळ गुन्हा. सांगलीला कृष्णेत मगरी आहेत हे सगळ्यांना माहितीय, त्यामुळं "हे गावाकडून आणलंय" असलं काही ऐकलं तर हातसुद्धा लावू नका.

दुसरी फसवणूक म्हणजे चष्म्यावाला केमन. त्याच्या दोन डोळ्यांच्या मधे आडवी हाडाची कड असते, चष्म्याच्या दांडीसारखी. ड्वार्फला ती नसते, त्याचं डोकं उंच, थोडं कुत्र्यासारखं, आणि डोळे तपकिरी. चष्म्यावाल्याचा नर सहा-सात फूट सहज होतो, कधी त्याच्याही पुढं जातो, मग तुमचं सगळं माप चुकलं.

जागा किती लागेल?

ढोबळ हिशोब असा की लांबी प्राण्याच्या लांबीच्या निदान तिप्पट, रुंदी दीडपट ते दुप्पट. पूर्ण वाढलेल्या साडेचार फुटी नरासाठी साधारण पंधरा बाय आठ फूट धरा. त्यातलं अर्ध्याच्या आसपास पाणी, बाकी कोरडी जमीन. यापेक्षा मोठं जमलं तर उत्तमच. पिल्लू आज एक फुटाचं असतं म्हणून लोक चार फुटी काचेची टाकी घेतात आणि "नंतर बघू" म्हणतात. ते नंतर लवकर येतं. पिल्लासाठी टाकी चालेल, पण मोठ्या एन्क्लोजरची जागा आणि पैसा आज हातात असेल तरच.

जुळे सोलापूरला किंवा विजापूर रोडला स्वतःचा प्लॉट, मागं मोकळी जागा, असं असेल तर विचार करा. फ्लॅटमध्ये असाल तर नको, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

गच्चीवर बांधलं तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर नाहीच आहे. हिशोब करून बघा. आठ बाय सहा फुटांचं कुंड, दोन फूट पाणी. झाले शहाण्णव घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे सत्तावीसशे लिटर, म्हणजे पावणेतीन टनाच्या आसपास नुसतं पाणी. प्रत्येक चौरस फुटाला ५६-५७ किलो. घराच्या स्लॅबचं डिझाईन साधारण चौरस मीटरला २०० किलो, म्हणजे चौरस फुटाला १८-१९ किलो धरून करतात, गच्चीचं तर कधी त्याहून कमी. म्हणजे तिप्पट लोड, त्यावर विटांच्या भिंती, वाळू, दगड वेगळेच. कंत्राटदार "काय होत नाय ओ" म्हणेल, तो उद्या दुसऱ्या साईटवर असेल, स्लॅबखाली तुम्ही झोपणार आहात. आणि मे महिन्यात गच्चीवर काय तापतं ते सांगायला नको.

मग जमिनीवर. नुसतं खणून कुंड बांधलं की झालं?

आपल्याकडची काळी माती आधी बघा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि तिच्यावर थेट बांधलेल्या कुंडाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच तडा जातो. त्यामुळं काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, लईच खोल असेल तर निदान दोन-अडीच फूट तरी काढा, तिथं मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा, वर पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर), मग लोखंड बांधून काँक्रीटचा तळ आणि भिंती. नुसत्या विटांची भिंत काळ्या मातीत टिकत नाही.

कुंड अर्धं जमिनीत अर्धं वर असं ठेवलं तर सगळ्यात बरं. जमिनीतल्या भागाचं पाणी उन्हाळ्यात कमी तापतं आणि थंडीत कमी गार पडतं, हे फुकटचं मिळतं.

आतून फिनिशिंग गुळगुळीत पाहिजे. खरखरीत काँक्रीटवर त्याचं पोट आणि पंजे सोलतात, मग त्यात इन्फेक्शन. सिमेंटची चांगली घोटाई करून घ्या, वरून पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारं इपॉक्सी. ग्लेझ टाईल नको, त्यावर पाय सरकतात. पाण्यातून वर यायला उतार द्या, पायऱ्या नको, आणि त्या उतारावर मात्र थोडी पकड ठेवा. नवीन सिमेंट पाण्यात चुना सोडतं, कुंड भरून दोन-चार दिवस ठेवायचं, सोडून द्यायचं, परत भरायचं, असं तीन-चार वेळा केल्याशिवाय प्राणी आत सोडायचा नाही.

तळाला ड्रेनकडं ढाळ. गवंडी "दिलाय" म्हणेल, तुम्ही इपॉक्सी मारायच्या आधी एक बादली पाणी ओता आणि उकिडवं बसून बघा ते कुठं जातं. कोपऱ्यात थबकलं तर तिथंच पुढं रोज घाण साचणार आहे, फोडून परत करायला लावा. ड्रेनचा पाइप तीन इंची, त्याला बॉल व्हॉल्व्ह बाहेरून, आणि आतल्या तोंडाला स्टीलची जाळी स्क्रूनं पक्की.

नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हे कसं जमायचं?

खरा प्रश्न हाच आहे, आणि परदेशी व्हिडिओंत तो कुणी सांगत नाही कारण तिकडं नळ फिरवला की पाणी. आपल्याकडं बऱ्याच भागात काही दिवसांआड नळ येतो, उन्हाळ्यात उजनीची पातळी खाली गेली की सगळ्यांचं तोंड वाळतं. घरात माणसांनी हंडे मोजायचे आणि मागं केमनच्या त्याच आठ बाय सहाच्या कुंडात सत्तावीसशे लिटर, यावर घरात भांडण होणार, आणि ते बरोबरच आहे.

फिल्टर चांगला असेल तर आठवड्याला तिसरा हिस्सा बदलून भागतं, म्हणजे नऊशे लिटर. वाफ होऊन जातं ते वेगळं. त्या कुंडात पाणी एक सेंटिमीटर खाली गेलं की पंचेचाळीस लिटर गेले, आणि आपल्या उन्हात एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. त्यामुळं स्वतःचं बोअर असेल आणि ते मे मध्ये पण चालत असेल तरच पुढं जा. बाजूला निदान दोन हजार लिटरची टाकी फक्त याच्यासाठी, सावलीत. बोअरचं पाणी जड असतं, क्षार जास्त, प्राण्याला त्यानं फारसं बिघडत नाही पण पंप, हीटर आणि काचेवर पांढरा थर चढतो, तो घासत बसावं लागतं. नळाच्या क्लोरीननं मासे मरतात तसं याचं होत नाही. याला त्रास होतो तो सडलेल्या पाण्याचा.

बदललेलं पाणी वाया घालवू नका, नारळ-लिंबाच्या बुडाला सोडा. पालेभाजी, कोथिंबीर, मेथी यांना नको, त्यात साल्मोनेला (माणसाला आजारी पाडणारे जंतू) असतो. रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या दारासमोरच्या गटारीत तर अजिबात नको.

फिल्टर कुठला घेऊ?

दुकानात मिळणारा माशांच्या टाकीचा कॅनिस्टर यापुढं खेळणं आहे. हा प्राणी अख्खे मासे खातो आणि पाण्यातच हगतो. सगळ्यात टिकाऊ काम म्हणजे बाजूला दोन ड्रम: पहिल्यात घाण खाली बसते, त्याला खालून कॉक, रोज दोन मिनिटं उघडायचा, दुसऱ्यात स्पंज, जाळ्या, लाव्हा दगड असलं काही ज्याच्यावर बॅक्टेरिया वाढतील. पंप असा घ्या की तासाभरात कुंडाचं सगळं पाणी एकदा तरी फिरेल. पंप कुंडाच्या आत ठेवू नका, वायर चावली तर काय होईल ते सांगायची गरज नाही. आणि सगळ्या कनेक्शनला आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारं स्विच) बसवा, इलेक्ट्रिशियन "एमसीबी आहे की" म्हणेल, एमसीबी शॉकपासून माणसाला वाचवत नाही.

सोलापूरचा उन्हाळा त्याला आवडत असेल ना? मगरी उन्हातच असतात.

उलट. हा जंगलाच्या सावलीतल्या ओढ्यांमधला, पूर आलेल्या जंगलातला प्राणी, बिळात लपणारा, रात्री फिरणारा. त्याला पाणी साधारण २६ ते २८ डिग्री आणि शेकायला एक जागा ३२-३४ ची, बस. आपल्याकडं मे मध्ये सावलीत ४२-४३ जातं. हे प्राणी घाम गाळत नाहीत, अंग पस्तीसच्या वर बराच वेळ राहिलं की जीवाला धोका. म्हणून इथं हीटरच्या आधी गारव्याचा हिशोब.

पत्र्याचं छप्पर टाकलं तर ती भट्टी होते. टाकायचंच असेल तर उंच टाका, वरून पांढरा चुना मारा, पत्र्याखाली फुटभर अंतर सोडून दुसरी शेडनेट बांधा. खेड्याकडं गोठ्यावर उसाचं पाचट किंवा कडबा टाकतात तसं चांगलं चालतं, फक्त विजेची वायर आणि बल्ब त्याच्यापासून लांब. पश्चिमेची बाजू पूर्ण बंद करा, दुपारी तीनचं ऊन तिकडून येतं. कुंडाचा निम्मा भाग दिवसभर सावलीत राहिला पाहिजे. कोरड्या हवेत डेझर्ट कूलर एकदम भारी काम करतो, गारवा पण आणि दमट पण, दोन्ही त्याला हवंच असतं. कूलरचं तोंड थेट त्याच्या अंगावर नको.

काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी कुंडात सोडू नका. हात घालून बघा एकदा, चहा होतो. पहाटे भरा.

पाण्यात थर्मामीटर दोन ठेवा, एक वर एक तळाला, आणि एप्रिलपासून रोज दुपारी बघायची सवय लावा.

थंडीत?

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, रात्री पारा पंधराच्या खाली पण जातो. ड्वार्फ केमन त्याच्या भाऊबंदांपेक्षा गारवा जरा जास्त सहन करतो, पण पाणी बरेच दिवस बावीसच्या खाली राहिलं तर खाणं सोडतो, पोटातलं अन्न पचत नाही, मग न्यूमोनिया. हीटर काचेचा नको, शेपटीचा एक फटका बसला की फुटला. स्टीलचा किंवा टायटॅनियमचा, तो पण फिल्टरच्या ड्रममध्ये. आणि थर्मोस्टॅट वेगळा, हीटरमधल्या डायलवर भरोसा नको.

ऊन येतंय तर यूव्हीबी लाइट (उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब) कशाला?

थेट ऊन येत असेल, मधे काच नसेल, तर नको. सकाळचं ऊन त्या शेकायच्या दगडावर पडेल अशी जागा ठेवली की झालं. खोलीत एन्क्लोजर असेल आणि ऊन खिडकीच्या काचेतून येत असेल तर त्यातलं यूव्हीबी काचेतच अडतं, मग ट्यूब लागणार.

भिंती आणि जाळी?

खालची अडीच-तीन फूट भिंत भरीव पाहिजे. जाळी खालपर्यंत आणली की तो बाहेर बघत नाक घासत बसतो. आधी नाकाच्या शेंड्यावरचा रंग उडतो, गुलाबी टिपका दिसायला लागतो, मग खवला जातो, आणि एकदा तिथं जखम झाली की महिनोन् महिने भरत नाही. वर जाड वेल्डमेश, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेटर फ्रेम करून देईल, फक्त वेल्डिंगचे काटे आतल्या बाजूला राहिले नाहीत ना ते बोट फिरवून बघा. हे चढतात, खास करून लहान असताना, कोपऱ्यात दोन भिंतींना पंजे लावून वर जातात. म्हणून कोपऱ्यांवर आतल्या बाजूला फुटभर पत्ती वाकवलेली, किंवा सरळ वरून पण जाळी.

दार डबल. बाहेरचं लावल्यावर आतलं उघडायचं. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली पोरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी.

आत काय ठेवू? झाडं, दगड?

लपायला जागा, बाकी नंतर. हा लाजाळू प्राणी आहे, लपायला नसेल तर खात नाही. दोनशे लिटरचा प्लास्टिक ड्रम उभा कापून पालथा घातला, वर माती-दगड लावले की त्याचं बीळ झालं. पाण्यात एक जाड लाकडाचा ओंडका, त्याच्याखाली जाऊन बसेल. शहाबादी फरशी शेकायला चालते, पण ती सकाळच्या उन्हातच ठेवा, दुपारच्या उन्हात तिच्यावर तुमचाही पाय टिकत नाही. बारीक खडी नको, खाण्याबरोबर गिळतो. झाडं लावाल ती उपटली जातील.

दोन ठेवले तर एकमेकांना सोबत होईल?

त्यांना सोबत नको असते. भांडतात, पंजे-शेपट्या तुटतात.

खायला काय? रोज चिकन दिलं तर?

बोनलेस चिकनवर वाढवलेल्या पिल्लाचा जबडा रबरासारखा मऊ होतो आणि पाठ वाकडी, कारण कॅल्शियम नाही. अख्खं खाणं लागतं, हाडासकट. उजनीची चिलापी आपल्याकडं स्वस्त आणि ताजी मिळते, लहान आकाराची अख्खी द्या. खेकडे, झिंगे त्याचं जंगलातलं खाणंच आहे. मासे नुसते फ्रीजरमधले सतत दिले तर बी-वन जीवनसत्त्व कमी पडतं, म्हणून आलटून पालटून. मोठ्याला आठवड्यातून एक-दोनदा पुरे. जिवंत कोंबडी आत सोडून व्हिडिओ काढायचा प्रकार करू नका, त्यात प्राण्यांना क्रूरतेनं वागवल्याचा गुन्हा लागू शकतो, आणि करायला पण घाण आहे.

खाणं लांब चिमट्यानं आणि दर वेळी वेगळ्या जागी. दार उघडलं की खाणं, अशी सवय लागली तर कुंड धुवायला गेलात तरी तो पायाकडं येणार.

घरात लहान पोरं आहेत, कुत्रा आहे.

मग नको. हे एका ओळीत सांगतो कारण यावर "पण आमचा पिंट्या समजूतदार आहे" अशी चर्चा होऊ शकत नाही. मोठ्या माणसांसाठी पण नियम एकच, आत जाताना दुसरा माणूस बाहेर उभा, हातात लाकडी फळी, आणि हात लावून झाला की साबणानं धुवायचे.

आजारी पडला तर कुठं न्यायचं?

आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टरांची सवय गाई-म्हशी आणि कुत्र्यांची. सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर शोधायला पुणं धरून चाला, अडीचशे किलोमीटर. प्राणी आणायच्या आधी फोन करून विचारून ठेवा की केमन बघाल का, कारण बरेच जण नाही म्हणतात. नेण्यासाठी झाकणाचा, भोकं पाडलेला, लांब प्लायवूडचा बॉक्स आधीच करून ठेवा. त्या दिवशी सुताराकडं पळायला वेळ नसतो. आणि नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स गाडीत, टेंभुर्णीला कुणी अडवलं तर.

लाइट गेली तर?

दोन-चार तासांनी काही होत नाही. उन्हाळ्यात दुपारी जास्त वेळ गेली तर कूलर बंद, तेव्हा ओली गोणपाटं जाळीवर टाका. फिल्टर अर्धा दिवस बंद राहिला तर चालू करायच्या आधी ड्रममधलं पाणी सोडून द्या, ते सडलेलं असतं.

सांभाळणं नाही जमलं तर सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला सोडून देऊ?

नाही. तिथं लोक येतात, पोरं पाण्यात उतरतात, जनावरं पाणी प्यायला येतात. शिवाय परदेशी प्राणी आपल्या पाण्यात सोडला की काय होतं ते अमेरिकेत फ्लोरिडात दिसतंय, तिथं सोडून दिलेले चष्म्यावाले केमन आता स्वतःची पिल्लं काढून वाढताहेत. नोंदणी तुमच्या नावावर आहे, तो कुठं गेला हे तुम्हालाच सांगावं लागेल. वनविभागाला लेखी कळवा, ते सांगतील तसं करा, आणि ते होईपर्यंत त्याला खायला घालायचं आणि कुंड धुवायचं काम तुमचंच.

त्याच कुंडात कासव सोडलं तर चालेल का?

तो खाईल. आणि आपली देशी कासवं घरी ठेवणं बेकायदेशीर आहे, ती केमनशिवाय पण नकोत.